कडुलिंबाखाली काहीच नाही, मावशी

शेवंतामावशी आज सकाळी गेल्या.
आणि मी त्यांच्याशी तीन वर्षं खोटं बोलत होते.

काळेवाडीतल्या एका प्रसूतिगृहात त्या आया होत्या. माझी पीएचडी वारेवर, म्हणजे बाळंतपणानंतर पडते ती प्लॅसेंटा.
बाळंतिणीची संमतीपत्रावर सही झाली की मावशी वार बर्फाच्या डब्यात ठेवायच्या आणि मला फोन, "ये गं, पडली वार."

एकदा म्हणाल्या, "ह्यात बघतीस तरी काय?"

म्हटलं, मावशी, सगळ्या पेशींत जनुकं तीच. पण कुठलं चालू, कुठलं बंद, हे ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर नावाची प्रथिनं ठरवतात. त्यांनी ठराविक जनुकं चालू केली की सुट्या पेशी एकमेकींत मिसळून एकच अखंड थर होतो. त्या थरातूनच बाळाला आईकडचं अन्न मिळतं.

"म्हंजी लाइनवरचा सुपरवायझर!" त्यांचे मिस्टर चाकणला कंपनीत होते. "मशिनी त्याच, कुठली चालवायची ते त्यो सांगणार. व्हय ना?"

माझ्या गाइडलाही इतकं सोपं सांगता आलं नव्हतं राव.

"पर उरल्याली मातीला दे. वार अशी टाकू न्हाई." डब्यासोबत दरवेळी हळदीकुंकवाची पुडी.

"हो मावशी, लॅबमागच्या कडुलिंबाखाली पुरते."

नाही पुरली. एकदाही नाही.
नियमाप्रमाणे उरलेलं जैविक कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जातं, तिथून जाळायला. हे सांगायला दोन मिनिटं लागली असती. पण खरं कळलं तर मावशी फोन करणार नाहीत, सॅम्पल थांबतील, थिसिस अडेल, ही धास्ती.

मग त्यांच्या लेकीला, मनीषाला, मुलगा झाला. तिने सही केली ती आईच्या शब्दावर.
"ही आपल्या घरची हाय गं," मावशी म्हणाल्या.
ती वारही पिवळ्या पिशवीत गेली.

दिवाळीनंतर नातवाला घेऊन त्या लॅबवर आल्या. थेट झाडापाशी. चपला काढल्या, बाळाचं कपाळ मातीला टेकवलं.
मी शेजारी उभी होते. तोंड उघडलं नाही. लाज वाटते मला स्वतःची.

दुपारी मनीषाचा फोन आला. "ताई, आई सांगून गेलीय. सावडल्यावर चिमूटभर राख त्या झाडाखाली टाका, नातवाच्या वारेपाशी. कधी येऊ?"

मी खरं सांगितलं.

मनीषा म्हणाली, "आईला कशाला फसवलंत?"
आणि फोन ठेवला.

मावशी, तुमच्या सगळ्या पुड्या माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. एकही टाकवली नाही.

श्रद्धांजली वाहायचा हक्क मला नाही. तरी हात जोडते.