मैनेचा कडबा आणि पहिला मांडा

हसायचं असेल तर आधी चहाचा कप खाली ठेवा, नाहीतर अंगावर सांडेल. माझ्या फजितीची ही गोष्ट निघाली की माझी सख्खी बायको अजून तोंडाला पदर लावते. आणि ती तर त्या कटात माझ्या बरोबरीनं सामील होती!

पण आधी एक सांगा, तुम्हाला साडू आहे का? नाही? मग तुम्ही सुखी माणूस, काही समजायचं नाही तुम्हाला. तरी ऐका.

माझे साडू भागवतराव. माझ्या गंगूच्या थोरल्या बहिणीचे, जमनाचे मालक. तापीकाठी आमचं गाव एक, शेतं बांधाला बांध लागून. त्यांची केळी माझ्या केळीपेक्षा वीतभर उंच. त्यांच्या विहिरीचं पाणी गोड. इतकंच काय, मिशासुद्धा माझ्यापेक्षा दाट! मी काही जळका माणूस नाही हो. पण साडूकडं पाहिलं की पोटात आपोआप काहीतरी पेटतं, त्याला मी काय करू?

आमची सासुरवाडी बऱ्हाणपुरात, शनवारा मोहल्ल्यात. सासऱ्यांचं तिथं सरकी-पेंडीचं, म्हणजे गुरांच्या खुराकाचं दुकान. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन्ही जावयांना आमंत्रण. सासूबाई अंगणात चूल मांडून उलट्या खापरावर मांडे करायच्या. पुरणाचे, हातरुमालाएवढे मोठे, सोबत आमरस. आता खापरावरून उतरलेला पहिला मांडा कोणाच्या पानात पडायचा? भागवतरावांच्या! थोरले जावई ना ते! आणि मी शेजारी बसून आमरसात बोट बुडवत दुसऱ्याची वाट पाहायचो.

तुम्ही म्हणाल, दोन मिनिटांचा तर फरक. अहो, लोक दोन मिनिटांसाठी कोर्टात जातात!

तर सासऱ्यांनी त्यांच्या चंद्री गायीच्या दोन कालवडी दोन्ही लेकींना दिल्या होत्या. आमच्याकडं आली ती मैना, साडूंकडं गेली ती साळू. एका आखाजीला पंगतीत सासरे हसत हसत बोलून गेले, "पुढच्या साली ज्याच्या गायीचं दूध जास्त, पहिला मांडा त्याचा!"

सगळे हसले. मी नाही हसलो. मी ते काळजावर कोरून ठेवलं.

तो काळ नव्या मध्यप्रदेशाचा. राजधानीचं नागपूर सुटलं होतं, भोपाळ लागलं होतं. कचेरीत आज जबलपूरचा साहेब, उद्या ग्वाल्हेरचा. कोणता कागद कुठं जातो ते कागदालाही ठाऊक नसायचं. देशाला धान्य पाहिजे, दूध पाहिजे, म्हणून असीरगडाच्या वाटेला एक सरकारी फारम निघालं होतं, आणि तिथं जबलपूरचे एक गुरांचे डॉक्टर साहेब आले. तरुण, चष्मेवाले, पायात बूट. आमच्या गावात फिरता फिरता त्यांना मैना नि साळू दिसल्या आणि त्यांना धनच सापडलं.

"भाऊसाहेब, दोन बहिणी, एकच माँ, व्याल्या पण एकाच पंधरवड्यात! ऐसी जोडी ढूंढूनसुद्धा सापडत नाही जी!"

मी छाती फुगवली. साहेबांनी समजावलं की एका गायीला नवा खुराक द्यायचा आणि दुसरीला नुसता जुना चारा. मग रोज दूध मोजायचं, म्हणजे नव्या खुराकाचा फायदा कळेल.

"नवा खुराक साळूला," साहेब म्हणाले. "तुमच्या मैनेला तुमच्या शेतातल्या ज्वारीचा कडबा, बस. बाकी कुछ नही. जैसी की तैसी ठेवायची."

"काहून बरं?" मी म्हटलं. "माझ्या गायीनं काय घोडं मारलं?"

"अरे भाऊसाहेब, जुनं नसेल तं नवं चांगलं आहे हे कशावरून समजणार? तुमची गाय तितकीच महत्त्वाची आहे."

तितकीच महत्त्वाची! म्हणजे नवरीच्या शेजारी करवली बसवतात तशी. मी वरून "हो जी, हो जी" केलं, पण आत अंगाचा तिळपापड झाला होता.

दुसऱ्या दिवसापासून साडूंच्या दारात सरकारी गाडी. पेंड आली, भरडा आला, हिरवागार चारा आला. वर चाटायला मिठाचा एक दगड आला. आता तुम्हीच सांगा, त्यांच्या गायीला सरकार दगडसुद्धा आणून देतं आणि माझ्या गायीला दगडही नाही! भागवतराव तो दगड येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. एकदा मी बांधावरून जाताना म्हणाले, "या साडूभाऊ, पाहा तरी. साळू कशी चाटते!"

मी म्हटलं, "आमच्या मैनेला नाही असली सवय. ती खानदानी आहे."

घरी आलो तर गंगू चुलीपुढं फणफणत बसलेली. जमना विहिरीवर तिला म्हणाली होती, "तुह्या गायीची कीव येते व बाई."

"अहो, ऐकता का?" गंगू म्हणाली. "आखाजीला मी त्या जमनाच्या खाली बसणार नाही. आता तुम्हीच काय ते करा."

मग मी काय केलं? जे कोणत्याही शहाण्या माणसानं केलं नसतं, ते केलं. बऱ्हाणपूरच्या दुसऱ्या टोकाला जाऊन सरकीची गोणी आणली. सासऱ्यांच्या दुकानावरून तर नेता येत नव्हती ना! केळीच्या घडांखाली झाकून गाडी घरी आणली. दूध मोजायला फारमचा कंपौंडर सकाळ-संध्याकाळ यायचा. मधल्या वेळात मी मैनेला पाणी पाजायच्या निमित्तानं केळीच्या बागेत न्यायचो. त्या मोठ्या पानांआड हत्ती उभा केला तरी दिसायचा नाही. तिथं मैनेची मेजवानी! भिजवलेली सरकी, बाजरीची घुगरी, मेथी. गंगूनं तर तिच्यासाठी अळिवाची खीर केली. म्हणाली, "तीपण बाळंतीणच आहे ना!" मला खुद्द गंगूच्या बाळंतपणात खिरीची वाटी चाटायलाही मिळाली नव्हती, पण ते असो.

आणि शेवटी विड्यासारखा गुळाचा खडा. तो मी बंडीच्या खिशात, सरकी-मेथी-बाजरीच्या दाण्यांबरोबरच ठेवायचो. मैना स्वतः तोंड घालून काढून घ्यायची. मोठी हुशार गाय!

गोठ्यातला कडबा ती हुंगायचीसुद्धा नाही. तो मी गुपचूप बैलांपुढं टाकायचो.

दूध वाढायला लागलं. साळूच्या बरोबरीला आलं. मग पुढं गेलं! कंपौंडर माप उलटंसुलटं करून पाहायचा. साहेब स्वतः धावत आले, चष्मा पुसला, पुन्हा घातला.

"नुसत्या कडब्यावर?"

"नुसत्या कडब्यावर जी," मी म्हटलं. आणि जिभेला हाड नाही म्हणतात ते काय खोटं? मी पुढं म्हणालो, "आमच्या रानातली ज्वारीच तशी आहे. वाडवडलांचं बी आहे."

बस! इथंच मी माझ्या पायावर धोंडा मारून घेतला. साहेबांनी माझे दोन्ही हात धरले. डोळ्यात पाणी यायचंच बाकी होतं. "भाऊसाहेब, हे तं देशाचं धन आहे! गरीब शेतकऱ्याला पेंडीची जरूरतच नाही! हा कडबा फारमवर न्यायला पाहिजे."

"न्या ना," मी म्हटलं. वाटलं, नेतील दोन पेंढ्या.

चौथ्या दिवशी दारात ट्रक! माझी अख्खी गंजी उचलली हो! वर्षभराचा कडबा! आणि गंजीच्या वर मान ताणून उभी कोण? मैना! फारमवर कुलूपबंद गोठ्यात तिला तोच कडबा घालून पुन्हा दूध मोजायचं ठरलं होतं. आता नाही कसं म्हणू? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. गाव टाळ्या वाजवत होतं. भागवतराव तेवढे मिशीला हात लावून उभे होते. तो चेहरा पाहून मला गंजीचंही दुःख राहिलं नाही. खरं सांगतो, आयुष्यात इतकं गार कधी वाटलं नव्हतं!

गारवा टिकला नाही. उन्हाळा लागला. बैल रिकाम्या गव्हाणीपुढं उभे राहून माझ्याकडं पाहायचे. गावात कडबा उरला होता तो एकाच घरी. कोणाच्या, ते सांगायला पाहिजे का?

भागवतरावांनी स्वतः गाडी भरून आणली. "साडूभाऊ, तुमच्या कडब्याची सर आमच्या कडब्याला नाही बापा. पण गोड करून घ्या. आणि पेरणीला दोन पायल्या बी देजा. आपलेच आहो ना!"

बी द्यायला माझं काय जात होतं? त्यांच्याच आजोबांकडून माझ्या आजोबांनी आणलेलं बी ते!

आखाजी आली. सासऱ्यांना जावयाचा कोण अभिमान! शनवाऱ्यात ओळखी-अनोळखी माणसाला थांबवून सांगत होते. त्यांनी डॉक्टर साहेबांनाही जेवायला बोलावलं. अंगणात पाट मांडले. पहिला पाट माझा! भागवतराव दुसऱ्यावर. मी नवं धोतर नेसलो होतो, वर रोजचीच बंडी. गंगू जमनाच्या वरच्या अंगाला उभी राहून वाढत होती. खापरावर पहिला मांडा फुगला होता. एवढ्यात दारात ट्रक थांबला आणि साहेब आत आले. तोंड उतरलेलं.

"भाऊसाहेब, मैनेनं दूध आटवलं."

मी पानातला आमरस बोटानं ढवळायला लागलो.

"कडबा तोच. गाय तीच. पाणीसुद्धा तापीचं. मी खूप विचार केला. बदललं काय? तं एकच गोष्ट बदलली." साहेबांनी माझ्याकडं बोट केलं. "तुम्ही!"

सगळी पंगत माझ्याकडं वळली.

"गाय तुमच्या प्रेमावर दूध देत होती जी! मी मैनेला सोबत आणलं आहे. मला सगळ्यांसमोर पाहायचं आहे. प्रेम असेल तं तुम्हाला फारमवर राहायला नेणार. गायीजवळ, गोठ्यातच खाट टाकून देतो."

सासरे गहिवरले. "वा जावईबापू! ऐकलं का भागवतराव? याला म्हणतात माया!"

भागवतरावांनी मान खाली घातली. मला गोठ्यातली खाटसुद्धा त्या क्षणी गोड वाटली, काय सांगू!

मैनेला अंगणात आणलं. बिचारी बारीक झाली होती. तिनं मला पाहिलं मात्र, दाव्याला हिसडा देऊन हंबरत जी धावली ती थेट माझ्या पाटापाशी. बायांच्या डोळ्यांना पदर लागले. सासूबाई उलथनं हातात धरून रडायला लागल्या. साहेब चष्मा पुसत म्हणाले, "देखा? देखा?"

आणि मैनेनं माझ्या बंडीच्या खिशात तोंड घातलं.

मी म्हटलं, "हो हो, बाई, हो हो." मागं सरकलो. ती पुढं आली. खिशात गूळ नव्हता, पण गुळाचा वास कुठं जातो? तिनं खिसाच दातात धरला, चर्रकन फाडला आणि चघळायला लागली. शिवणीत अडकलेली मेथी, बाजरी आणि मूठभर सरकी माझ्या पानात, आमरसावर टपटप पडली.

साहेबांनी एक दाणा उचलून विचारलं, "हे काय आहे?"

अहो, जबलपूरच्या साहेबाला नसेल कळलं. पण बऱ्हाणपुरात सरकी काय असते हे पाळण्यातल्या पोराला कळतं, आणि पंगतीत तर सरकीचे व्यापारी बसले होते! पहिलं हसू फुटलं ते जमनाचं. मग सगळ्या अंगणाचं. गंगू केव्हाच स्वयंपाकघरात पळाली होती. मी फाटकी बंडी धरून उभा.

साहेबांनी डोक्याला हात लावला. "अरे भाऊसाहेब! मी तं भोपाळला कळवून बसलो ना!"

मी भीत भीत सासऱ्यांकडं पाहिलं. ते पानातले सरकीचे दाणे बोटावर घेऊन निरखत होते. त्यांचा चेहरा खरंच दुखावलेला होता.

"जावईबापू," ते म्हणाले, "खोटं बोललात, चालंल. सरकारला फसवलंत, तेही एक वेळ चालंल. पण घरचं दुकान असून सरकी दुसऱ्याच्या दुकानातून घेतली? आणि तीही अशी किडकी?"

यावर भागवतराव तरी गप्प बसले का? नाही. उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "जाऊ द्या साडूभाऊ. माझ्या गाडीतला कडबा तरी परत मागणार नाही मी."

या माणसाचा चांगुलपणा! त्याचाच तर मला सगळ्यात जास्त राग येतो.

सासूबाईंनी पहिला मांडा खापरावरून उतरवला होता. भागवतरावांनी पान पुढं सरकवलं, सवयीनं मीही सरकवलं. सासूबाईंनी दोघांकडं पाहिलं, मांड्याची घडी घातली, वर तूप सोडलं आणि सरळ चालत जाऊन मैनेच्या तोंडात दिला. म्हणाल्या, "या घरात खरं बोलणारी ही एकटीच आहे. पहिला मान हिचा."

तेव्हापासून तीच रीत पडली. आखाजीचा पहिला मांडा मैनेला, दुसरा भागवतरावांना, तिसरा मला. जन्मभर मी एका साडूवर जळत आलो होतो. आता त्याच्या वर एक गायही आहे, आणि तीही माझ्याच गोठ्यातली.