सत्यवतीवहिनीची दोन खेपांची अट

आमच्या हळर्णात सत्यवतीवहिनीइतकं पक्कं राजकीय मत दुसऱ्या कुणाचं नव्हतं. एका माणसाने खासदार म्हणून फार तर दोनदा दिल्लीला जावं, तिसऱ्यांदा नाही. आणि परत येताना बंगला, रेल्वेचा पास, दिमतीची माणसं, सगळं तिथेच सोडून यावं. पेडण्याहून आलेले एक मास्तर हे ऐकून इतके भारावले की त्यांनी तिला सभेत बोलायचा आग्रह केला. वहिनी म्हणाली, "माका सभा नाका. माका माझो घोव जाय." मास्तरांना त्यातलं काही कळलं नाही. आम्हा शेजाऱ्यांना कळलं, की तिला सभा नको, नवरा हवाय, आणि आम्ही मेल्यांनी पोट धरून हसून घेतलं.

तिचा घोव म्हणजे सगुणदादा. शेती बेताची, पण हाताला चव अशी की पंचक्रोशीतलं लग्न त्याच्या चुलीशिवाय होत नसे. तिरफळं घातलेलं त्याचं बांगड्याचं हुमण जेवून पाहुणे पानावरून उठायला कां कूं करायचे. ऐंशी साली आमच्या गावचे भाऊ खासदार झाले, दिल्लीला गेले आणि तिथल्या रोटीभाजीने पंधरवड्यात हैराण झाले. सुट्टीला आले तेव्हा सगुणदादाला म्हणाले, "चार म्हयने चल रे माझ्यावांगडा. माझी चूल लावून दी आनी परत ये." खासदाराबरोबर एका माणसाला रेल्वेचा पास असतो, तेव्हा जायचा यायचा प्रश्नच नव्हता. सगुणदादा गेला. चार महिन्यांची वर्षं झाली. भाऊ पुन्हा निवडून आले, आणि चूल काही लागून संपेना.

वर्षातून एकदा, चवथीला, तो यायचा. वहिनी आधी आठवडाभर घर सारवायची, केसांत अबोली माळायची, आणि माझ्यासारख्या शेजारच्या पोरीवर उगाच चिडायची. तो येऊन सांगायचा काय, तर दिल्लीत कोणत्या मंत्र्याने आमटी दोनदा मागून घेतली, कोणत्या सरदारजीने आत येऊन पाठ थोपटली. सांगताना त्याचा चेहरा फुलायचा. वहिनी सगळं ऐकायची आणि शेवटी विचारायची, "आनी परत केन्ना येतलंस?" तो म्हणायचा, "भाऊ सोडीत तेन्ना." मग भाऊंच्या पाहुण्यांसाठी त्याला दुसऱ्याच दिवशी पणजीला जावं लागे. मोदकसुद्धा त्याला धड घरी खायला मिळाले नाहीत.

तिथून तिचं हे राजकारण सुरू झालं. सत्त्याऐंशीच्या आसपास आमच्याकडे सगळे मराठी की कोंकणी यावर एकमेकांचे गळे धरत होते, मग घटक राज्य आलं, फटाके झाले. वहिनीला त्याचं सुखदुःख नव्हतं. शेतात लावणी करता करता ती म्हणायची, "देवळातली पाळी बघ गो सुविधा. वर्स सरलां की दिवोबत्ती दुसऱ्या घराक जाता. देव कोणाक म्हणता, तूच रव म्हणान? मग खासदारांकच कित्याक कायमची पाळी?" मी तिला चिडवायची, "भाऊ घरी येऊन खातील काय?" तर ती म्हणे, "पेन्शन आसा मां! उपाशी मरपाचो ना तो."

एकोणनव्वदची निवडणूक आली. भाऊ तिसऱ्यांदा उभे राहिले आणि अर्ज भरायच्या आधी देवळात आले. सोबत सगुणदादा, कारण नंतर कार्यकर्त्यांचं जेवण होतं. आमच्याकडे अशा वेळी गाराणं घालतात. गावकर देवापुढे मागणं मागतो आणि प्रत्येक मागण्याला सगळा गाव एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणतो. मागणं कोण नीट ऐकतो? सूर पडला की तोंड आपोआप उघडतं.

कृष्णनाथ गावकराने सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, ह्यो तुझो लेकरू तुझ्या दारात उबो आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"त्येच्या वाटेतली इडापीडा काढ रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

एवढ्यात कृष्णनाथला ठसका लागला. तो छाती चोळत असताना बायकांच्या घोळक्यातून वहिनीचा आवाज उठला, अगदी गावकराच्याच सुरात, "बा म्हाराजा, ह्यो दोनदा जाऊन इलो. आता तिसऱ्या खेपेक दुसऱ्या कोणाक धाड, आनी ह्येका नि ह्येच्या वांगडा गेलेल्या माणसांक आपापल्या घरात सुखान ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खा गाव गरजला. हात जोडून, डोळे मिटून भाऊसुद्धा म्हणाले.

मग कुणीतरी खुसकन हसलं. देवापुढे बोललेला शब्द मागे घेता येत नाही, त्यामुळे कृष्णनाथ नुसता घाम पुसत राहिला. भाऊ कसनुसं हसले. सगुणदादा मात्र मागच्या चुलीकडून तरातरा आला आणि म्हणाला, "माझां हसां केलंस तू. चार लोकांत माका मान आसा, तो घालवलंस." वहिनी म्हणाली, "मान घराक घेवन ये. हंय जागा आसा."

भाऊ पडले. पक्षात फाटाफूट झाली होती, त्यामुळे पडले. पण गावाने श्रेय देवाला दिलं आणि अर्धं वहिनीला. ती कुणाशी वाद घालत बसली नाही. भाऊ बंगला रिकामा करायला सगुणदादाला घेऊन दिल्लीला गेले होते, आता दोघं परत येणार होते. तिने घराला चुना काढला, सगुणदादाचा पाट घासून उन्हात ठेवला, आणि मला म्हणाली, "माका भूक लागता गो आता." इतक्या वर्षांत मी तिच्या तोंडून ते कधी ऐकलं नव्हतं. दुपारच्या कदंबा बसच्या वेळेला ती रोज तिठ्यावर जाऊन उभी राहू लागली. शाळेतून येताना मीही तिच्याजवळ थांबायची.

एका दुपारी गाडीतून भाऊ उतरले. जीप नाही, कार्यकर्ते नाहीत, हातात आपली पिशवी. त्यांच्यामागून दोन मासळीवाल्या उतरल्या आणि गाडी निघाली. वहिनी गाडीकडेच बघत राहिली. मग तिने विचारलं, "भाऊ, आमचो खंय?"

भाऊंनी पिशवी खाली ठेवली. कधी नव्हे ते गडी अडखळला. "बंगलो दुसऱ्या खासदाराक मेळ्ळो. त्येका सगुणाच्या हातचां आवडलां. हांवें सगुणाक म्हटलां, चल रे, आता घराक जावया." त्यांनी पिशवीचे बंद उगाच नीट केले. "तो म्हणालो, भाऊ, तुम्ही जावा. हांव हंयच बरो."

भाऊ पिशवी उचलून गेले. मला वाटलं आता वहिनी रडेल, आणि मला तिचा हात धरायचा होता, पण धीर झाला नाही.

ती रिकाम्या रस्त्याकडे बघत म्हणाली, "खासदाराक घराक परत हाडूक मत आसता गो सुविधा. घोवाक परत हाडूक कोणाक मत घालूचां?"

आम्ही दोघी बांधावरच्या वाटेने घरी आलो. दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेतून येत होते, तर ती तिठ्यावर उभी होती.