गुडघ्याचा पट्टा आणि चौकातला म्हातारा

पार्सल कोणाच्या नावाचं आहे हे वाचून मगच ते उघडावं, हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं. मी गुडघ्याचा पट्टा मागवला होता. दारात खोकं आलं, चष्मा फ्रिजवर होता (तिथे तो का होता, हा वेगळा विषय), म्हणून भाजीच्या सुरीनं सरळ खोकं फाडलं. आत पट्टा नव्हता. पत्ते होते!

तेही रमीचे नव्हेत. पहिल्यावर उंच टोपी घातलेली कवटी. दुसऱ्यावर काळा कोंबडा. आणि तिसऱ्यावर चौकात काठी टेकून उभा असलेला एक लंगडा म्हातारा. लंगडा! माझा उजवा गुडघा टचकन दुखला. पाठवणाऱ्याचं गाव मात्र इतक्या ठळक अक्षरांत होतं की चष्म्याशिवायही दिसलं. अकोला.

अकोल्यात माझा साडू राहतो. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या वास्तूच्या जेवणात मी ‘जिना जरा अरुंद झाला’ एवढंच म्हणालो होतो. तो हसला. ते हसणं मला तेव्हाच खटकलं होतं. आणि गुडघ्याचं दुखणंही त्याच दिवशी सुरू झालं! (जिना मी तीनदा चढलो-उतरलो होतो, हे त्या क्षणी आठवलं नाही.)

बायको कूलरसमोर झोपली होती. मी गुपचूप नारळ, लिंबू, कुंकू घेतलं आणि भर बाराच्या उन्हात त्या पत्त्यांचा उतारा कॉलनीच्या चौकात ठेवून, मागे न पाहता परतलो. अमरावतीत मे महिन्यात बाराला रस्त्यावर कुत्रंही नसतं. वानखडे असतात. समोरच्या गच्चीवर ते कुरड्या राखत बसले होते.

घरात पाय ठेवतो तोच मुलीचा, केतकीचा, फोन.

“बाबा, बडनेऱ्याले उतरली मी. माझं पार्सल आलं ना? अकोल्याहून मॅडमनं पाठवलं.”

“कोणत्या मॅडमनं?”

“चित्रकलेच्या! वूडूवरचे टॅरो पत्ते आहेत, भविष्य पाहायचे, त्यांनी परदेशातून आणलेले. उद्या इथं कॉलेजात त्यांच्यासमोर शेवटच्या वर्षाचं सादरीकरण त्याच्यावरच आहे माझं. एक पत्ता जरी हरवला ना, तर मी गेलीच समजा!”

“बेटा, वूडू म्हणजे… करणीच ना?”

“करणी काहून? हैतीतल्या लोकायचा धर्म आहे तो. त्यात एक लंगडा म्हातारा आहे, चौकाचा राखणदार. आधी त्याले विचारा लागते, मंगच बाकी देवायचं दार उघडते. आपल्या वेशीवरच्या मारोतीसारखा!”

म्हणजे ज्याला घालवायला गेलो, त्याला मी नारळासकट त्याच्याच जागेवर बसवून आलो होतो!

धावलो. (गुडघा दुखला नाही. नोंद घ्यावी.) पत्ते जागच्या जागी होते. ऑटोवाले वळसा घालून जात होते, भंगारवाला तर हात जोडून गेला. लिंबू ठेवलेल्या वस्तूला बँकेच्या लॉकरलाही मागे टाकेल एवढी सुरक्षा असते. मी वाकलो, तोच गच्चीवरून आवाज आला.

“ओ भाऊ! टाकला बी तुमीच, उचलून बी तुमीच राहिले? माह्या घरावर केलं का?”

“नाही हो! पोरीचे पत्ते आहेत. उद्या परीक्षा आहे तिची!”

“अरे बापरे! आता परीक्षेसाठी बी करून राहिले का लोकं?”

तोवर चार खिडक्या उघडल्या होत्या. साडूवर संशय घेऊन निघालेला मी, नारळ काखेत आणि कवटी हातात घेऊन, कॉलनीचा संशयित झालो.

घरी येऊन मोजले, पत्ते पूर्ण भरले. फक्त म्हाताऱ्याच्या कपाळाला कुंकू लागलं होतं, आणि ते निघेना. केतकी रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मॅडमनी आधी तो पत्ता डोळ्यांजवळ धरला, मग खूप वेळ हसल्या, आणि सगळे प्रश्न त्या कुंकवावरच विचारले. पोरगी पास झाली. वानखडे मात्र अजूनही आमच्या फाटकासमोर गाडी लावत नाहीत.

सगळं ऐकून घेतल्यावर बायको शांतपणे म्हणाली, “सव्वीस वर्षं झाली, कचऱ्याची बादली चौकापर्यंत न्या म्हटलं का तुमचा गुडघा दुखते. उद्यापासून बादलीवर एक लिंबू ठेवत जातो मी. मंग पळत न्याल, अन् मागं बी पाहणार नाही.”