आतल्या खोलीची जाळी

नवं कव्हर साच्यातून निघालं की आमचे साहेब त्यावर बोटाच्या पेरानं टकटक करायचे आणि म्हणायचे, "पाऊस अडव बाबा. लहरींना मात्र जाऊ दे."

अंबडच्या आमच्या कारखान्यात मोबाइल टॉवरच्या अँटेनांवर बसणारी फायबरची कव्हरं व्हायची. त्यांची आखणी साहेबांची. आम्ही त्यांना टोपीवाले साहेब म्हणायचो, तेही हसून घ्यायचे. निफाडकडे गारपीट झाली की रविवारी स्कूटर काढायचे आणि टॉवरखाली उभं राहून, आपल्या टोप्या फुटल्या नाहीत ना, हे दुर्बिणीतून बघून यायचे.

सिडकोत आम्ही एकाच इमारतीत राहायचो. समोरच्या गच्चीवर टॉवर आला, आणि पुढे वहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, रक्ताचा कर्करोग निघाला. जिन्यात कुजबुज सुरू झाली. पूर्वी ते कुणालाही थांबवून समजावायचे, "अहो, टॉवरनं काही होत नाही." आता खाली मान घालून वर जायचे.

एकदा वहिनींनी माझ्यादेखतच विचारलं, "अहो, तुमच्या त्या टोपीतून येतंय का हे?"

"नाही गं."

"मग डोळे मिटले की तो टॉवरच का दिसतो मला?"

साहेबांनी वाद घातला नाही. बारीक तारेची जाळी आणली आणि आतल्या खोलीच्या भिंती, छत, दार, सगळं मढवून काढलं. शिडी मी धरली होती.

"तुम्हीच म्हणता ना, काही होत नाही?" मी विचारलं.

"तिला झोप लागत नाही हो," ते म्हणाले, आणि पुढचा सांधा बोटानं चाचपू लागले.

काम पक्कं झालं. वहिनींनी मोबाइल हातात घेऊन पाहिला. रेंजची एक काडी नाही. किती दिवसांनी हसल्या त्या! त्या दुपारी झोपल्याही.

पण डॉक्टरांनी हात टेकले होते. एका सकाळी मी वहिनींजवळ बसलो होतो. बाहेरच्या खोलीत साहेबांना पुण्याहून मुलीचा फोन आला. "आईला दे ना," म्हणत होती. मोबाइल घेऊन ते लगबगीनं आत आले आणि उंबऱ्यातच फोन तुटला. पुन्हा आला, पुन्हा तुटला. शेवटी "मीच बोलतो पोरीशी," म्हणत ते गॅलरीत गेले.

वहिनींचा श्वास थांबलाय, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं. मी धावत बाहेर गेलो. ते माझ्याकडे पाठ करून, कठड्याला रेलून बोलत होते.

"हो गं, आता शांत झोपते ती. तू घाई करू नकोस, जेवूनच नीघ."

मी त्यांच्या मागे उभा राहिलो. त्यांचं बोलणं संपूच नये, असं वाटत होतं.