मोजून दिलेले पाणी

वहिनी गेल्याचे मला मार्गासनीच्या अलीकडे, चालत्या एसटीत कळले. त्यांचीच औषधे आणायला मी नसरापूरला गेलो होतो. मोबाईलवर शेजारच्या फुलाबाई होत्या. "गुरुजी, वहिनीनं डोळं मिटलं वो..." एवढेच त्या बोलू शकल्या. उरलेला रस्ता औषधांची पिशवी मांडीवर धरून मी बसून राहिलो. त्याला आता काही आठवडे झाले. मी आयुष्यभर मुलांचे निबंध तपासले, स्वतःचे मात्र काही लिहिले नाही. त्यामुळे हे कितपत नीट उतरेल, याची मला खात्री नाही.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. भाऊ गेले, पुतण्या नोकरीसाठी पुण्यात स्थिरावला आणि शाळेतून निवृत्त झालेला मी, एकटा जीव, वहिनींच्या आधाराने गावच्या घरात राहू लागलो. आमच्या भागात लघवीच्या जळजळीला उन्हाळी लागणे म्हणतात. भातलावणीला दिवसभर वाकलेल्या बायका, जवळ आडोसा नसतो म्हणून, पाणीच पीत नाहीत. मग ही व्यथा ठरलेली. ती सांगायची कोणाला? तर वहिनींना. एखादी बाई पदर तोंडाशी धरून ओसरीवर आली, की वहिनी मला म्हणत, "भावजी, शेळीला पाला टाकलाय का बघा जरा." शेळी आम्ही केव्हाच विकली होती. मी मुकाट्याने उठून गोठ्यात जाऊन उभा राहत असे.

तिथवर आवाज येतच असे. "आगं, मूत धरून ठेवाय ती काय पेरणीची बी हाय? जा की बांधाआड! आन पाणी पी, तांब्यावर तांब्या पी." मग बाईच्या पदरात गोखरू पडे, कधी मक्याच्या कणसाचे वाळवलेले केस, कधी रात्री भिजत घालायचे धने-जिरे. थंडी भरून ताप आलेल्या किंवा लाल लघवी होणाऱ्या बाईला मात्र त्या काही देत नसत. "हे माझ्या हातचं न्हाई. एसटी धर आन भोरला डाक्टरकडं जा," असे निक्षून सांगत. या औषधांचा गुण किती आणि भरपूर पाण्याचा किती, हे मी सांगू शकणार नाही. बायकांना बरे वाटे, एवढे मी पाहिले आहे.

पुढे साखरेच्या जुन्या आजाराने वहिनींचीच मूत्रपिंडे निकामी झाली. पुतण्याने पुण्यात नेऊन डायलिसिस सुरू केले. परंतु त्यात रक्तदाब असा कोसळे, की डॉक्टरांनी तेही थांबवले आणि घरी न्यायला सांगितले. निघताना बजावले, पाणी मोजून द्या. जास्त झाले तर छातीत साठेल, श्वास घेता येणार नाही. काढे नकोत, शहाळे तर मुळीच नको. जन्मभर दुसऱ्यांना पाणी पाजणाऱ्या बाईला पाणी मोजून देण्याचे काम अशा रीतीने माझ्याकडे आले.

गावाला एवढेच कळले, की वहिनींना लघवीचा आजार झाला आहे. मग काय... जिला जिला म्हणून गुण आला होता, ती ती भांडे घेऊन दारात उभी राहू लागली. गोखरूचा काढा, धन्याचे पाणी, जवाचे पाणी, शहाळी. आणलेले भांडे नाकारणे आमच्याकडे अपमानाचे, आणि साऱ्यांना पाणी पाजणाऱ्या वहिनींनाच पाणी मोजून द्यायचे, हे कोणाला सांगणे मला जमले नाही. मी खालमानेने ते घेई, मागल्या दारी कढीलिंबाच्या मुळाशी ओतून देई आणि भांडे रिकामे परत करू नये म्हणून त्यात चिमूटभर साखर घालून देई. झाले उलटेच. भांडे परत आले म्हणजे वहिनींनी सारे घेतले, अशी प्रत्येकीची समजूत झाली आणि दुसऱ्या दिवशी तांब्याऐवजी चरवी आली.

ओतल्याचा आवाज वहिनींच्या खाटेपर्यंत जात असे.

"कुठं वतलं, भावजी?"

"कढीलिंबाला."

"बरंय बाई त्याचं..." ओठांवरून कोरडी जीभ फिरवत त्या म्हणाल्या आणि हसल्या.

शेवटच्या आठवड्यात एकदा मी दळण घेऊन परतलो, तो फुलाबाई वहिनींच्या ओठांना जवाच्या पाण्याचा पेला लावून बसलेल्या. पेला हिसकावून घ्यावा, की ओरडावे? यांतले काहीच माझ्याने झाले नाही. वहिनींनी घोट घेतला, मान हलवली आणि समाधानाने डोळे मिटले. फुलाबाई पदराने डोळे पुसत गेल्या. त्या दिसेनाशा झाल्यावर वहिनींनी खुणेने तस्त मागितले आणि तोंडात धरून ठेवलेला तो घोट त्यात टाकला.

"तिला बोलू नगा. पुढं काय झालं तर जल्मभर जिवाला लावून घील."

मी बोललो नाही. पण तेराव्याला पुतण्याच्या तोंडून पाण्याचे पथ्य फुलाबाईंना कळलेच. पंगत उठल्यावर त्या माझ्यापाशी आल्या. "गुरुजी, खरं सांगा. माझ्या पाण्यानं तर न्हाई ना गेली ती?" खरे सांगावे तर वहिनींचे झाकलेले उघडे पडणार, गप्प राहावे तर या बाईने जन्मभर स्वतःला दोषी धरायचे. अखेर मी सांगितले, की तो घोट वहिनींच्या घशाखाली उतरलाच नव्हता. त्यांना हायसे वाटेल, अशी माझी भाबडी कल्पना. त्या म्हणाल्या, "म्हंजे तान्हेलीच गेली व्हय वो ती?"



वहिनींची खाट होती तिथे आम्ही दिवा आणि तांब्या ठेवला होता. दिवस सरले, दिवा उचलला. तांब्या फुलाबाईंनी उचलू दिला नाही. रोज सकाळी त्या येतात, कालचे पाणी कढीलिंबाला घालतात आणि तांब्या पुन्हा भरतात, काठोकाठ. थोडे जमिनीवर सांडते. मी ते पुसत नाही.