कॅमेऱ्याला आज्ञा देण्याची नोकरी

मी लेखक नाही, आणि ज्या यंत्राबद्दल लिहितो आहे त्यातला फार जाणकारही नाही. लिहावं की नाही, यावर बराच विचार करून शेवटी बसलो आहे. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी नुकताच बी.एस्सी. झालो होतो; आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिलाच. साजगावजवळ बाटल्यांची बुचं करणाऱ्या एका लहान कारखान्याला मुंबईच्या एजंटाने परदेशी कॅमेरा वापरून बघायला दिला होता. पट्ट्यावरून सरकणाऱ्या प्रत्येक बुचाचं तो चित्र घ्यायचा आणि डाग दिसला की ते बूच बाजूला पाडायचा. पण उजेड किती धरायचा, किती काळं म्हणजे डाग, हे सगळं त्याला कॉम्प्युटरवरून एका वायरीने सांगावं लागायचं; त्या कामावर मला तात्पुरतं घेतलं होतं. एक आज्ञा टाइप करायची, पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'ओके' येईपर्यंत थांबायचं, मग पुढची. घाई केली तर मधलीच एखादी गळायची आणि पुन्हा पहिल्यापासून. वीज गेली की तो सगळंच विसरायचा, आणि वीज तर रोज जायची. दिवसभर तेच ते टाइप करून कडावला घरी पोचलो की जेवायचंही त्राण नसायचं.

कारखान्याचे साहेब म्हणाले होते, "दिवाळीपर्यंत नीट चालला तर कॅमेरा ठेवू. मग तुझंही बघू." वडील दुसऱ्यांच्या म्हशींचं दूध काढायला जायचे. त्यांनी वस्तीत सांगून टाकलं, पोरगा नोकरीला लागला.

दसऱ्याला आमच्या विहारात कार्यक्रम असतो, म्हणून मी सुट्टी घेतली होती. दुसऱ्या दिवशी कामावर आलो तर सगळ्या मशिनींना झेंडूच्या माळा. पट्टा सुरू केला आणि कॅमेऱ्याने एकूण एक बूच बाजूला पाडलं. मी उजेड वाढवला, डागाची मर्यादा बदलली, वायर काढून परत लावली. दर वेळी 'ओके' यायचं आणि बुचं पडतच राहायची. दुसरा दिवसही तसाच गेला. डोळ्यांची आग होत होती. साहेब मागे येऊन उभे राहिले.

"एजंटाला फोन लावतो. घेऊन जाऊ दे त्याचा कॅमेरा."

"एकदा बघू द्या, साहेब," मी म्हणालो. आता काय बघणार, ते मलाही ठाऊक नव्हतं. पट्टा थांबवून नुसत्या रिकाम्या पट्ट्याचं चित्र घेतलं. बूच नव्हतं, तरी काळसर ठिपका होताच. मग खाली वाकून कॅमेऱ्याच्या काचेकडे पाहिलं. मधोमध कुंकवाचा टिळा, त्यावर चिकटलेली अक्षत.

आमचे जुने फिटर, ज्यांना सगळे मामा म्हणायचे, ते पुढे आले. "मीच लावला. समद्या मशिनींना लावला, मग याला का नाय? नवीन हाय, रुसंल."

"पण काचेवर कशाला, मामा?"

"तोंडाला नाय लावायचा तर काय ढुंगणाला लावायचा रं?"

साहेबांसकट सगळे हसले. मला हसूही येईना. काच पुसली आणि दोन दिवसांत बदललेलं सगळं पुन्हा एकेक करून टाइप करत बसलो. संध्याकाळी बुचं नीट जाऊ लागली, ती दिवाळीपर्यंत नीटच गेली.

सुट्टी लागताना साहेब म्हणाले, "बोलावणं पाठवतो." भाऊबीज झाली, भाताची कापणी उरकली, बोलावणं आलं नाही. एसटी थांबली की वडील नाक्याकडे बघायचे.

एका शुक्रवारी, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, मामा उतरले. ओट्यावर बसले. वडिलांनी दिलेलं पाणी त्यांनी तसंच हातात धरलं.

"एजंटानं त्यात कसलीशी बॅटरी बसवली रं. आता लाईट गेली तरी त्याच्या समदं ध्यानात ऱ्हातंय," ते म्हणाले. "कॅमेरा ठेवला सायबानं. तुला नाय ठेवला."