सत्ताविसावी शीट

शालनताई गेल्याचा फोन त्यांच्या लेकीने केला, तेव्हा मी ऑफिसातच होते. ‘मावशी, आई सकाळी चहा घेता घेता...’ एवढंच ती बोलू शकली. निवृत्त होऊन त्यांना जेमतेम वर्ष झालं होतं. आता दीड महिना होत आला, तरी त्यांच्याबद्दल ‘होत्या’ म्हणताना माझी जीभ अडखळते.

परळच्या एका रुग्णालयात, आहार विभागाच्या छोट्या खोलीत आम्ही दोघी नऊ वर्षं शेजारी बसलो. शालनताई कॉटन ग्रीनच्या चाळीत वाढलेल्या, गिरणी कामगाराची मुलगी, घरातली पहिली पदवीधर. मी फणसवाडीची, त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान. काम साधं होतं. सव्वीस वॉर्ड, एक्सेलच्या एकाच फाइलमध्ये प्रत्येकाची एक शीट आणि तिच्यात प्रत्येक पेशंटचं पथ्य. सकाळी त्यांचे प्रिंट खाली स्वयंपाकघरात जायचे. पण शीट भरायची प्रत्येक वॉर्डाची तऱ्हा वेगळी... कुठे अक्षर मुंगीएवढं, तर कुठे रकाना अरुंद. त्या अरुंद रकान्यानेच एकदा घात केला. किडनीच्या एका पेशंटपुढे ‘साधं जेवण, मीठ नाही’ असं लिहिलेलं होतं. कागदावर ‘साधं जेवण’ एवढंच उमटलं. दोन दिवस ते गृहस्थ मिठाचं जेवले आणि अंगावर सूज आली. पुढे ते सावरले, बरे होऊन घरी गेले. चूक शालनताईंची नव्हती, कुणी त्यांना बोललंही नाही. तरी त्या वॉर्डात जाऊन त्या गृहस्थांच्या बायकोची माफी मागून आल्या. मग रोज दीड तास लवकर येऊन सव्वीसच्या सव्वीस शीट हाताने सारख्या करू लागल्या. रकाना रुंद, अक्षर मोठं, पथ्य पिवळ्या रंगात...

मला ते बघवेना. ‘ताई, सगळ्या शीट एकत्र सिलेक्ट करा, एकदाच काय ते होऊन जाईल,’ मी सुचवलं. झालंही. पण नंतर त्या सुट्या करायच्या राहिल्या, आणि ताईंनी एका पेशंटपुढे टाइप केलेलं ‘साखर नाही’ सगळ्या वॉर्डांत जाऊन बसलं. मुख्य आचारी गावडेमामा कागदांचा गठ्ठा घेऊन वर आले. ‘काय गो, आज सगळ्या वॉर्डांत चौथ्याच खाटेक डायबिटीस कसो झालो?’ मला हसू फुटलं. शालनताई हसल्या नाहीत. ‘असं नको मृणाल,’ त्या म्हणाल्या. ‘नुसतं रूप बदललं पाहिजे, मजकुराला धक्का नको.’

ते कसं करायचं हे मलाही येत नव्हतं. मग छप्पन्नाव्या वर्षी त्या जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून, मोबाइलवरचे व्हिडिओ बघत मॅक्रो, म्हणजे एका बटणावर एक्सेलकडून ठरलेली कामं करून घ्यायची युक्ती, शिकायला बसल्या. पहिला मॅक्रो त्यांनी रेकॉर्ड केला, तर तो समोरच्या एकाच शीटवर चालला, बाकीच्या जशाच्या तशा. तीन आठवडे असेच गेले. एका दुपारी त्यांनी माझा दंड घट्ट धरला. ‘अगं, सापडलं! त्याला सांगायचं, एकेका शीटवर जा, एवढंच काम कर आणि पुढे हो. शीट किती आहेत ते त्याने बघावं, आपण कशाला?’ त्यांनी बटण दाबलं आणि सव्वीस शीट आमच्या डोळ्यांदेखत एकसारख्या झाल्या. ताजे प्रिंट घेऊन त्या तडक स्वयंपाकघरात गेल्या. ‘मामा, चष्मा काढा आणि वाचा.’ मामांनी हात लांब करून पहिलं पान घडाघडा वाचलं. दुसऱ्या दिवशी शालनताई कित्येक महिन्यांनी लवकर न येता वेळेवर आल्या.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे नवा वॉर्ड सुरू झाला. सत्ताविसाव्या शीटसाठी काही बदलावं लागेल का, हे बघायला मी प्रथमच त्यांचा मॅक्रो उघडला. तिथे देवनागरी उमटत नाही, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी टिपा लिहिलेल्या होत्या. अक्षराच्या आकाराशेजारी होतं, ‘सोळाच्या खाली नको. वाचणाऱ्याचं वय बघा.’ बदलण्यासारखं काहीच नव्हतं, नवी शीट त्यांनी आधीच धरलेली होती. अगदी तळाशी शेवटची टीप होती... ‘झालं. आता एकदा कागदावर वाचून बघा.’

मी सत्तावीस कागद छापले, आणि एकेक वाचायला बसले.